ऐंशी वर्षे राज्य केलेला राजा



मी आयुष्यभर इतिहास शिकवला. वर्गात दरवर्षी एक प्रश्न हमखास यायचा : "सर, दशरथ राजा खरंच साठ हजार वर्षे जगला का?" प्रश्न पोराटोरांचा वाटला तरी निराधार नाही. वाल्मीकींच्या रामायणात विश्वामित्र रामाला मागायला येतात, तेव्हा दशरथ स्वतःच म्हणतो की माझे वय साठ हजार वर्षांचे आहे आणि मोठ्या कष्टाने हा मुलगा मला झाला आहे. पुढे रामाने अकरा हजार वर्षे राज्य केले असे त्याच ग्रंथात आहे. भागवतात श्रीकृष्णाचे आयुष्य सव्वाशे वर्षांचे सांगितले आहे. या आकड्यांवर वर्गात दोन तट पडायचे. एक म्हणायचा, शास्त्रात लिहिले म्हणजे खरे. दुसरा म्हणायचा, सगळ्या थापा. मला आज या दोन्हींच्या मधली वाट दाखवायची आहे. त्यासाठी अयोध्येपर्यंत जायला नको. कळंब आणि चंद्रपूर एवढे दोनच मुक्काम पुरेत.

चंद्रपूरला, म्हणजे जुन्या चांद्याला, गोंड राजांचे राज्य होते हे आपण सर्व जाणतो. या राजांचा अंमल आपल्या जिल्ह्याच्या पूर्व भागापर्यंत पोचला होता. इंग्रजी अंमल आल्यावर लुसी स्मिथ नावाच्या अधिकाऱ्याने चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीचा अहवाल १८६९ मध्ये लिहिला. त्यात या राजांची यादी सालांसकट छापलेली आहे. पहिला राजा भीम बल्लाळसिंग, इ.स. ८७० ला गादीवर बसलेला. शेवटचा नीळकंठशहा, ज्याचे राज्य नागपूरकर भोसल्यांनी १७५१ मध्ये घेतले. मधे खांडक्या बल्लाळशहा आहे. त्याच्या अंगावरच्या गाठी झरपटीच्या कुंडातल्या पाण्याने बऱ्या झाल्या, आणि सशाने कुत्र्याचा पाठलाग केलेला पाहून त्याने तिथे शहर वसवले, ही कथा आपल्याकडे घरोघरी माहीत आहे.

आता कागद-पेन्सिल घ्या. ८७० ते १७५१ ही झाली ८८१ वर्षे. यादीत राजे एकोणीस. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी शेहेचाळीस वर्षांचे राज्य येते. नुसते आयुष्य नव्हे, राज्य! एकेकाचे आकडे तर पाहण्यासारखे आहेत. दिनकरसिंगाने सत्तर वर्षे राज्य केले, त्याच्यामागून रामसिंगाने पासष्ट. बाबाजी बल्लाळशहाचे राज्य १४४२ ते १५२२, म्हणजे ऐंशी वर्षे. त्याच्यामागून धुंड्या रामशहा १५२२ ते १५९७, म्हणजे पंचाहत्तर वर्षे. लागोपाठच्या या दोघांचे मिळून एकशे पंचावन्न!

तुलनेसाठी पाहा. ज्याच्या तारखा पक्क्या ठाऊक आहेत अशा राजांत फ्रान्सच्या चौदाव्या लुईचे राज्य सर्वांत लांब मानतात. तो चार वर्षांचा असताना गादीवर आला आणि बहात्तर वर्षे राहिला. इंग्लंडची दुसरी एलिझाबेथ १९५२ ते २०२२ अशी सत्तर वर्षे होती. हे सगळ्या जगातले अपवाद आहेत. मग चांद्याच्या एकाच गादीवर असे राजे रांगेने कसे बसले?

याचे उत्तर देणारा साक्षीदार आपल्या कळंबला भेटतो. कळंब म्हटले की आपल्याला चिंतामणी आठवतो. गौतम ऋषींच्या शापातून सुटण्यासाठी इंद्राने इथे गणेशाची आराधना केली, अशी कथा आहे. पण अकबराच्या काळात कळंब हे वऱ्हाड सुभ्यातल्या एका सरकारचे, म्हणजे आजच्या भाषेत जिल्ह्याचे, मुख्य ठिकाण होते. अकबराचा मंत्री अबुल फजल याने 'आईन-ए-अकबरी' हा ग्रंथ सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिला. त्यात कळंबचे वर्णन आहे. गाव जुने आणि महत्त्वाचे आहे, इथल्या म्हशी प्रसिद्ध आहेत, असे तो सांगतो. आणि लगेच पुढे म्हणतो की, या भागाजवळ चांद्याचा गोंड जमीनदार बाबाजी आहे, त्याच्याजवळ एक हजार घोडेस्वार आणि चाळीस हजार पायदळ आहे, वैरागडची हिऱ्यांची खाण त्याच्या ताब्यात आहे.

श्रोतेहो, धागा लक्षात आला ना? यादीप्रमाणे बाबाजी १५२२ मध्ये संपला. अबुल फजलच्या लेखी तो त्यानंतर सत्तर वर्षांनी फौजफाटा बाळगून आहे. अबुल फजलला चांद्याच्या राजाचे आयुष्य वाढवण्यात किंवा घटवण्यात काही स्वारस्य नव्हते. त्याला महसूल आणि सैन्य मोजायचे होते. म्हणून त्याची साक्ष वजनदार ठरते.

पण या साक्षीची दुसरी बाजू तेवढीच महत्त्वाची आहे. अबुल फजलने बाबाजीचे साल मोडले, पण बाबाजीचे नाव पक्के केले. बाबाजी नावाचा राजा चांद्यात होऊन गेला, तो बलाढ्य होता, ही गोष्ट यादीने बरोबर सांभाळली होती. आता त्याला खरोखरच सोळाव्या शतकाच्या शेवटी बसवा. त्याच्यानंतर नीळकंठशहापर्यंत पाच राजे आहेत आणि वर्षे सुमारे दीडशे. म्हणजे प्रत्येकाला तीसच्या आसपास. हा हिशेब माणसांचा वाटतो. हाच माणसांचा हिशेब मागे नेला, पिढीला पंचवीस वर्षे धरली, तर एकोणीस राजांची सुरुवात तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात येऊन पडते. हा अंदाज आहे, शिलालेख नव्हे. पण नवव्या शतकापेक्षा तो पटण्यासारखा आहे.

मग ही चारशे वर्षे वाढली कुठून? याची कारणे एकट्या चांद्याची नाहीत. पहिले म्हणजे, कोणत्याही घराण्याला आपले मूळ जितके जुने तितके बरे वाटते. सुरुवात मागे ढकलली की मधल्या राजांना ताणून जागा भरावी लागते. दुसरे, जे राजे थोडे दिवस टिकले किंवा दुबळे निघाले त्यांची नावे गळतात आणि त्यांची वर्षे शेजारच्या राजाच्या खात्यावर जमा होतात. तिसरे, आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवायची रीत आहे. दोन-तीन पिढ्यांनी तेच नाव परत आले की आठवणीत दोघांचा एक माणूस होतो.

जगभर असेच घडले आहे. इराकमध्ये मातीच्या विटांवर कोरलेली सुमेर देशाच्या राजांची यादी सापडली आहे. तिच्यात जलप्रलयाच्या आधी आठ राजांनी मिळून दोन लाख एकेचाळीस हजार दोनशे वर्षे राज्य केले असे आहे. प्रलयानंतर आकडे हजारांवर येतात, मग शेकड्यांवर. गिल्गमेश राजाला एकशे सव्वीस वर्षे, आणि त्याच्या मुलाला फक्त तीस! जसजसे आपण लिहिलेल्या काळाच्या जवळ येतो तसतसे राजे आपल्यासारखे मरू लागतात. इंग्लंडमधले भाषापंडित टोल्किन यांना जुन्या ग्रंथांची ही चाल चांगली ठाऊक होती. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही त्यांची अद्भुत कादंबरी १९५४-५५ मध्ये निघाली, आणि तिच्यावरचे चित्रपट आपल्या मुलांनी पाहिले आहेत. त्या कादंबरीच्या शेवटी त्यांनी काल्पनिक राजांच्या वंशावळी दिल्या आहेत. पहिला राजा पाचशे वर्षे जगतो आणि कित्येक पिढ्यांनंतरचा नायक दोनशे दहा वर्षे. कल्पनेतल्या घराण्याला खरेपणा आणायचा तर आयुष्य उतरते दाखवावे लागते, इतकी ही रीत जुनी आहे.

आता वंशजांकडे वळू. आयुष्याच्या आकड्यापेक्षा खरा जीव त्यात अडकलेला असतो. कालिदासाने रघुवंश लिहिला. दिलीप, रघू, अज, दशरथ, राम असे एकाहून एक राजे सांगत तो अग्निवर्णापर्यंत येतो. हा विलासी राजा क्षयाने मरतो, त्याला मूल नाही, आणि मंत्री गरोदर राणीला गादीवर बसवतात. तिथेच काव्य थांबते. एवढ्या मोठ्या वंशाचे पुढचे पाऊल एका न जन्मलेल्या बाळावर येऊन टेकते.

चंद्रपुरातही असाच प्रसंग आला. बीरशहा राजा मारला गेला आणि त्याला मुलगा नव्हता. त्याची राणी हिराई हिने नात्यातल्या मुलाला दत्तक घेतले. तोच पुढे रामशहा. हिराईने तो वाढेपर्यंत राज्य सांभाळले, नवऱ्याची समाधी बांधली. आज चंद्रपूरला गेलात तर अचलेश्वराच्या देवळाजवळ ती समाधी दिसेल. पण यादी पाहा. बीरशहा, मग रामशहा, मग नीळकंठशहा. हिराईचे नाव त्या रांगेत नाही. जिने वंश तुटू दिला नाही, तिचेच नाव वंशावळीत नाही! आपल्या घरच्या वंशावळीतही हेच असते. पणजोबांचे नाव पाठ असते, पणजीचे कुणाला सांगता येत नाही.

भोसल्यांचेही पाहा. पहिले रघुजी १७५५ मध्ये वारले. तिथपासून १८५३ पर्यंत ९८ वर्षांत नागपूरच्या गादीवर पाच-सहा जण बसले आणि त्यातला एक तर वर्षभरही टिकला नाही. ही कागदोपत्री नोंदलेली गादी, म्हणून तिथे ऐंशी वर्षांचा राजा सापडत नाही. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी औरस पुत्राविना वारले. डलहौसीने दत्तक मानला नाही आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झाले. ज्या घराण्याने नीळकंठशहाचे राज्य घेतले, त्याचे राज्य शंभर वर्षांनी वारसाच्या प्रश्नावर गेले. त्याच १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. आपला मुलूख त्यातच होता. म्हणजे कोणाचा वंशज कोण, हा प्रश्न नुसता पोथीतला नव्हता. त्यावर राज्ये जात होती.

दगडावरच्या लेखाने असा प्रश्न कसा सुटतो, त्याचे उदाहरणही आपल्याच जिल्ह्यात आहे. पुसद तालुक्यातल्या डोंगरगावला शके १०३४ चा, म्हणजे इ.स. १११२ चा, शिलालेख मिळाला. तो परमार राजपुत्र जगद्देवाच्या काळचा आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तो वाचून प्रसिद्ध केला. धारच्या प्रसिद्ध भोज राजाचा उदयादित्याशी नेमका संबंध काय, यावर अभ्यासकांत वाद होता. डोंगरगावचा लेख सांगतो, उदयादित्य हा भोजाचा भाऊ. जगद्देव हा उदयादित्याचा मुलगा. पैनगंगेपलीकडे आदिलाबाद जिल्ह्यात जैनद येथे जगद्देवाच्याच काळचा लेख आहे. तोही भोजाला जगद्देवाचा चुलता म्हणतो. माळव्याच्या राजघराण्यातले नाते पैनगंगेच्या दोन काठांवर नोंदलेले सापडावे, यात मला फार मौज वाटते.

पण दगड सगळ्यांच्या नशिबी नसतात. ज्यांच्याजवळ दगड नाही, ताम्रपट नाही, कागद नाही, त्यांनी काय करावे? त्यांनी माणूस नेमला. गोंडांसाठी हे काम परधान करत आले. केळापूर, झरी जामणी, मारेगाव, घाटंजी या भागांत गोंड आणि परधान शेजारी राहतात. परधान किंगरी वाजवून यजमान घराण्याची उत्पत्ती, देव, पूर्वज गातो. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी लिंगोची कथा एका परधानाकडूनच उतरवून घेतली. हिस्लॉप १८६३ मध्ये वारले. त्यांचे कागद रिचर्ड टेम्पल यांनी १८६६ मध्ये छापले, तेव्हा ती कथा पहिल्यांदा पुस्तकात आली.

त्या कथेत गुहेत कोंडलेल्या गोंडांना लिंगो बाहेर काढतो आणि त्यांची कुळे लावून देतो. कथेचा जीव सालात नाही, सोयरिकीत आहे. चार देव, पाच देव, सहा देव, सात देव अशी विभागणी आपल्याकडचा गोंड माणूस आजही सांगतो. एका देवातल्यांचे आपसात लग्न होत नाही. परधानाला हे चुकवून चालत नाही, कारण चुकले तर भावाबहिणीचे लग्न लागेल. राजा सत्तर वर्षे बसला की सतरा, हे चुकले तर कुणाचे काही बिघडत नाही. जे चुकून चालत नाही ते माणूस नीट लक्षात ठेवतो. म्हणून मी म्हणतो, तोंडी वंशावळीवर नात्यापुरता आणि क्रमापुरता विश्वास ठेवावा, वर्षांवर ठेवू नये. दशरथाच्या साठ हजार वर्षांकडे मी असाच पाहतो. त्या आकड्यातून कवी एवढेच सांगतो की राजा फार म्हातारा झाला होता आणि मुलाची वाट पाहून थकला होता. बापाच्या काळजाचे ते माप आहे, पंचांगाचे नव्हे.

याचा आजच्या जगण्याशी काय संबंध, असे कुणी विचारील. फार जवळचा आहे. २००६ मध्ये वनहक्क कायदा झाला. जंगलात राहणारी जी कुटुंबे अनुसूचित जमातीत मोडत नाहीत, त्यांना १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या तिथे राहिल्याचे दाखवावे लागते. आणि पिढी म्हणजे किती, हे कायद्यानेच ठरवून दिले आहे : पंचवीस वर्षे. तीन पिढ्या म्हणजे पंचाहत्तर वर्षे. धुंड्या रामशहाला यादीने एकट्याला जेवढी दिली तेवढी! आता ज्या आजोबांना आपल्या जन्माचे साल 'मोठ्या पुराच्या वर्षी' एवढेच ठाऊक आहे, त्यांनी पंचाहत्तर वर्षांचा पुरावा कुठून आणायचा? कोतवाल बुकाची नक्कल मिळाली, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात वडिलांचे नाव निघाले, तर ठीक. नाही मिळाले तर कुटुंब हवालदिल होते.

अशा वेळी एक गोष्ट लक्षात ठेवावी. या कायद्याच्या नियमांत पुराव्यांची जी यादी आहे, तिच्यात गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी घेतलेला जबाब आहे. जुन्या नोंदीत नाव असलेल्या माणसापर्यंत नेऊन पोचवणारी वंशावळही आहे. म्हणजे कायद्यानेही शेवटी परधानाचेच काम मान्य केले. अट एवढीच की त्या साखळीची एक कडी तरी कागदाला अडकली पाहिजे. बाबाजीची कडी जशी अबुल फजलच्या कागदाला अडकली, तशी. एक कडी पक्की झाली की बाकीच्या कड्या आपापल्या जागी बसतात.

चंद्रपूरच्या गोंड राजांचे वंशज आत्राम हे आडनाव लावतात आणि चंद्रपुरातच राहतात. त्यांचे मूळ ८७० चे की तेराव्या शतकातले, याने त्यांच्या मानात काही कमी-जास्त होत नाही. राजाचे मोठेपण त्याने बांधलेल्या परकोटात आणि तलावांत असते. तेच साध्या घराचेही आहे.

म्हणून माझी एक विनंती आहे. दिवाळीच्या सुट्टीत घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ एक वही घेऊन बसा. नावे विचारा, कोण कुणाचा ते विचारा. मुलींची, सुनांची, पणज्यांची नावे आवर्जून लिहा. दत्तक असेल तर दत्तक लिहा, त्यात लाजण्यासारखे काही नाही. प्रत्येक नावापुढे हे कुणी सांगितले तेही टिपा. सालाची खात्री नसेल तर रकाना रिकामा सोडा, अंदाजाने भरू नका. रिकामा रकाना उद्या कुणीतरी कागद शोधून भरील. चुकीचा भरलेला रकाना मात्र पुढच्या दहा पिढ्या खरा मानून चालतील, आणि तुमच्या पणजोबांनाही ऐंशी वर्षे पाटीलकी करावी लागेल.